कोचरेकर सरांची आवराआवर

मंगळवारी सकाळी कोचरेकर सर गेले. ठाकूरद्वारहून त्यांच्या भाच्याने संस्थेत फोन केला. शिपायाने वर येऊन प्रशासन अधिकाऱ्यांना सांगितलं, "कोचरेकर सर गेले." अधिकाऱ्यांनी विचारलं, "चावी दिली का?"

या प्रश्नाबद्दल अधिकाऱ्यांना दोष देता येणार नाही. निवृत्त होऊन काही वर्षं उलटली तरी सरांनी परळच्या आमच्या संशोधन संस्थेतली दुसऱ्या मजल्यावरची खोली सोडलेली नव्हती. 'सर गेले' हे वाक्य ऐकायला सगळा मजला इतका आसुसलेला होता की, ते कानावर पडलं तेव्हा त्याचा जो अर्थ आधी सुचायचा तो कोणालाच सुचला नाही. शिपाई म्हणाला, "चावी त्यांच्या खिशातच असणार, साहेब. शर्ट घालून इकडेच यायला निघाले होते म्हणे."

मी या संस्थेचं ग्रंथालय सांभाळते. विज्ञान मला ऐकून ऐकून जेवढं कळतं तेवढंच कळतं, आणि त्यातलं बरंचसं सरांनी माझ्या टेबलासमोर उभं राहून, मी काही विचारलेलं नसताना, सांगितलेलं आहे.

डॉ. अच्युत कोचरेकर यांचा विषय मरण. माणसाचं मरण त्यांना फारसं महत्त्वाचं वाटत नसे. ते पेशीचं मरण अभ्यासत. पेशी दोन तऱ्हांनी मरते, असं ते सांगत. भाजली, चेचली तर ती फुटते, आतलं सगळं शेजाऱ्यांच्या अंगावर सांडतं, सूज येते. दुसरी तऱ्हा शिस्तीची. काम संपलं, किंवा आत काही दुरुस्त न होण्यासारखं बिघडलं, की पेशी आपणहून मरायला घेते. आतल्या सामानाचे तुकडे करते, लहान लहान पुरचुंड्या बांधते, आणि आजूबाजूच्या पेशी त्या उचलून नेतात. सूज नाही, सांडलवंड नाही. गर्भात आपली बोटं एकमेकांपासून सुटी होतात ती मधल्या पेशी अशा निमूट निघून जातात म्हणून. हे तुकडे करण्याचं काम ज्या प्रथिनाकडे असतं त्याला कॅस्पेज म्हणतात. सर त्याला विळी म्हणत. प्रत्येक पेशीत ही विळी मिटून ठेवलेली असते. वेळ झाली की उघडते.

'वेळ झाली' हे त्यांचं वाक्य होतं आणि ते त्यांनी कुठे वापरायचं बाकी ठेवलं नव्हतं. कॅन्टीनमधले वडे संपले, "वेळ झाली वड्यांची." कोणाची बदली झाली, कोणाचं लग्न मोडलं, समोरच्या गिरणीची चिमणी पाडली, वेळ झाली. एका सहकाऱ्याचे वडील वारले तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून सर एवढंच म्हणाले. तो सहकारी पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. सरांना ते कळलंच नाही, कारण ते स्वतःच बोलत असत.

उंची बेताची, शर्ट कायम बाहेर, खिशात दोन पेनं आणि खोलीची चावी. लग्न केलं नव्हतं. बहीण आणि भाचा यांच्याबरोबर राहत. दुपारी कॅन्टीनमध्ये स्वतःचा डबा उघडण्याआधी दुसऱ्यांच्या डब्यात डोकावत. "पोळी विकतची दिसते." म्हणायची पद्धत अशी की जणू समोरच्याने आईला वृद्धाश्रमात ठेवल्याचं उघडकीला आलं आहे. जगातल्या वस्तूंचे त्यांनी दोनच वर्ग केले होते, घरचं आणि विकतचं. त्यांच्या मते विकतच्याने माणूस जगतो, पण त्याला काही येत नाही.

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घरची वस्तू म्हणजे ते प्रथिन. माणसातून ते काढायचं तर हाती काही लागत नाही, म्हणून माणसाचं जनुक जिवाणूत घालतात. मग ऊबदार पातळ पेजेत जिवाणू वाढवायचे, फोडायचे, आणि त्यातून आपलं तेवढं गाळून घ्यायचं. ज्याला माणूस ठाऊक नाही असा जीव माणसाची विळी घडवून देतो. हे सगळं करून मिळतं ते बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांच्या तळाशी, पाण्यासारखं दिसणारं. सरांच्या खोलीतल्या फ्रीझरमध्ये अशा कुप्यांचे डबे होते. बाहेरच्या कंपन्या हेच प्रथिन तयार विकतात. सर त्याला हॉटेलचं म्हणत.

ते काम करतंय की नाही, हे पाहायची युक्ती मला आवडायची. एक नकली आमिष घालायचं. विळीने ते कापलं की पाणी पिवळं होतं. पिवळं झालं नाही तर प्रथिन मेलेलं. कंपनीचं प्रथिन आलं की सर ते आपल्याशेजारी लावून बघत, आणि आपलं जास्त पिवळं झालं की खालपर्यंत उतरून मला सांगायला येत. एकदा त्यांचं हरलं. त्या दिवशी विजेचा दाब कमी होता, पाणी खराब होतं, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने अत्तर लावलं होतं.

त्यांच्या एका बोलण्याची आठवण संस्थेने फार जपून ठेवली. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाला निवृत्तीनंतर मुदतवाढ मिळाली होती. त्यानिमित्त चहा होता. सर बोलायला उठले. म्हणाले, "पेशीला मुदतवाढ नसते. जी पेशी वेळ झाली तरी जायचं नाव घेत नाही, तिला काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. समोरच्या इस्पितळात तिच्यासाठी मजलेच्या मजले राखून ठेवलेत." आणि खाली बसून समोसा खाल्ला. परळमध्ये, आमच्या खिडकीतून ज्या कॅन्सरच्या इस्पितळाचा दरवाजा दिसतो त्याच्याबद्दल, हे बोलायला फक्त उद्धटपणा पुरत नाही. त्याला आपण कायम तरुण राहणार आहोत याची खात्री लागते.

दादरच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. मी जवळच राहत असल्याने सभागृह दाखवायला त्यांच्याबरोबर गेले. विषय त्यांनी फोनवर कळवला होता, 'पेशींचा नियोजित मृत्यू'. फळा लिहिणाऱ्या गृहस्थांना 'पेशींचा' हा शब्द ऐकू आला नसावा, किंवा जादा वाटला असावा. दारातल्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'नियोजित मृत्यू. मार्गदर्शन: डॉ. अच्युत कोचरेकर. शंकासमाधान होईल.' सभागृह भरून लोक बाहेर उभे होते. सर म्हणाले, "पाहिलंत ना, बाई? लोकांना विज्ञानाची भूक आहे."

पाच-दहा मिनिटं लोकांनी दम धरला. मग पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले.

"डॉक्टर, नॉमिनी आणि वारस यात फरक काय, ते आधी सांगा."

"त्याचा इथे संबंध नाही."

"संबंध कसा नाही? फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे."

"अहो, मी तुमच्या मरणाबद्दल बोलत नाहीये."

"मग कोणाच्या?"

"तुमच्या पेशींच्या."

"त्या काय शेजाऱ्यांच्या आहेत?"

सभागृहात हशा झाला. सरांनी तो थांबेपर्यंत पंख्याकडे पाहिलं आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. सामान, तुकडे, पुरचुंड्या, शेजारी. दुसऱ्या रांगेत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, हातात विणकाम. त्या मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे जायच्या आधी आवराआवर करते, असं म्हणा की. किती वेळ घेतलात."

सरांनी व्याख्यान तिथेच आवरतं घेतलं. परत येताना टॅक्सीत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, तेही टॅक्सीवाल्याला वळण सांगायला.

पुढच्याच आठवड्यात विद्यार्थ्यांसमोर ते म्हणाले, "मी याला आवराआवर म्हणतो." महिन्याभरात ते 'मी बनवलेला शब्द' झालं. मुख्याध्यापिकेचा उल्लेख मी एकदा केला. "त्यांनी म्हटलं असेल," सर म्हणाले, "पण त्यांना अर्थ कुठे माहीत होता?"

मग त्यांची स्वतःची वेळ झाली. चहा झाला, शाल दिली, श्रीफळ दिलं. त्यांच्याविषयी सगळे बरं बोलले, कारण आता ते जाणार होते. दुसऱ्या दिवशी सर नेहमीच्या बसने आले, जिना चढले आणि खिशातल्या चावीने खोली उघडली. प्रकल्प अर्धवट होता. आधी रीतसर मुदतवाढ मिळाली, मग आणखी एक. त्यानंतर मिळाली नाही, पण ते येतच राहिले. त्या जुन्या भाषणाची कॅन्टीनमध्ये रोज आठवण निघे. त्यांच्या नावावरूनही बोलत. पेशीच्या या मरणाला जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ पानं गळून पडणं, आणि ज्याने त्यावर आयुष्य घालवलं तो अच्युत, म्हणजे जो पडत नाही. ही कोटी मुळात डॉ. रेश्मा परब यांची. त्या सरांच्या विद्यार्थिनी असताना त्यांनी ती सरांच्या तोंडावर केली होती आणि सर तेव्हा पोट धरून हसले होते.

परब लालबागच्या. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते काम केलं. बाई भरभर बोलतात, भरभर चालतात आणि भरभर निर्णय घेतात. सरांच्या हाताखाली पीएचडी केली, तिथेच लागल्या, आणि सर निवृत्त झाल्यावर विभागप्रमुख झाल्या. सरांना खोलीतून काढायचं काम अर्थातच त्यांच्याकडे आलं. वर्षभर त्यांनी ते टाळलं. एवढा एकच निर्णय मी त्यांना टाळताना पाहिला.

शेवटी एक दिवस त्या सरांकडे गेल्या. मी कपाटातली जुनी नियतकालिकं मोजून घ्यायला तिथेच होते.

"सर, नवा मायक्रोस्कोप येतोय. त्याला खोली लागते. अंधारी, आणि खालून रस्त्याची थरथर येणार नाही अशी. मजल्यावर ही एकच आहे."

"आणि फ्रीझर?"

"बंद करावा लागेल. विकतचं दोन दिवसांत येतं, सर."

"हॉटेलचं."

"हॉटेलचं. चालतं ना पण."

सर खुर्चीत मागे रेलले. "असं कर. लाव समोरासमोर. माझं हरलं तर तिथल्या तिथे चावी तुझ्या हातात ठेवतो."

"आणि जिंकलं तर?"

"तर मी बसतो इथे. मला कोणी विचारायचं नाही."

परबांनी नाही म्हणायला हवं होतं. खोली संस्थेची होती, ती पणाला लावायचा अधिकार दोघांनाही नव्हता. पण ज्या माणसाने आपल्याला पिपेट धरायला शिकवलं, तो समोर बसून चाचणी मागत असेल तर नाही म्हणता येत नसावं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. शुक्रवारी."

शुक्रवारी मला साक्षीदार म्हणून वर बोलावलं. ग्रंथालयाला बाजू नसते, असं सरांचं म्हणणं. एका लहान पांढऱ्या ताटलीत खळगे होते. डावीकडे घरचं, उजवीकडे विकतचं. सरांनी फ्रीझरमधून स्वतः निवडून कुपी काढून दिली. आमिष परबांनी घातलं, कारण सरांचा हात आता थरथरत असे आणि ते कोणी बोलत नसे. आम्ही तिघं त्या ताटलीकडे बघत बसलो. बाहेर उड्डाणपुलावर हॉर्न चालू होते.

डावीकडचे खळगे आधी पिवळे झाले. हळूहळू चांगले हळदीसारखे झाले. उजवीकडचे झाले, पण उशिरा, आणि फिके. यंत्रात घालून आकडा बघायचीही गरज नव्हती. परबांनी तरी तो बघितला.

"बघितलंस?" सर म्हणाले. आवाज अगदी खाली आणला होता. जिंकल्यावर तसा आणायचा असतो हे त्यांना माहीत होतं. "हातचं ते हातचं."

"हो सर. छान आलंय."

"छान म्हणजे काय. ते विकत घेतलेलं आहे, त्याला कोणाचा हात लागलेला नाही. हे करायला हात लागतो. मी गेलो की हे कोण करणार आहे, सांग बघू?"

परबांनी ताटली बाजूला ठेवली. "मी करीन, सर. ही बॅच माझीच आहे."

सरांनी ती परत जवळ ओढली.

"तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी केलेली. त्याआधीचीही मीच केलेली. तुम्ही शेजारी उभे असायचात, सांगत असायचात." नेहमी भरभर बोलणाऱ्या परब एकेक शब्द वेगळा करून बोलत होत्या. "मला येतं ते, सर. जाणार नाही ते कुठे. एवढंच सांगायचंय."

यात सरांना ठाऊक नसलेलं काही नव्हतं. शेजारी तेच उभे होते. पण माणूस एखादी गोष्ट आपल्या डोळ्यांनी बघतो आणि पुढची कित्येक वर्षं ती नीट घडी घालून आत ठेवून देतो. परबांनी ती घडी उलगडून टेबलावर पसरली, आणि ती पसरताना त्यांना वाटत होतं की आपण त्यांची काळजी दूर करतोय. सरांची काळजी ती नव्हतीच. 'ते प्रथिन वाचलं पाहिजे, म्हणून मी इथे असलं पाहिजे', एवढा एकच हिशेब त्यांच्यापाशी होता. त्यातलं पहिलं वाक्य खरं ठरलं आणि दुसरं गळून पडलं.

मग त्यांनी विचारलं, "माझ्या पद्धतीने केलीस ना?"

"हो सर. तुमच्याच."

"मग जिंकलं ते." त्यांनी खिसा चाचपून चावी आहे याची खात्री केली. "खोली राहील."

परबांनी शब्द पाळला. मायक्रोस्कोपचं खोकं वर्षभर कॉरिडॉरमध्ये उभं राहिलं. लोक त्यावर चहाचे कप ठेवत आणि सरांबद्दल बोलत. सर रोज येत, पण त्या शुक्रवारनंतर त्यांनी फ्रीझर उघडलेला कोणी पाहिला नाही. 'घरचं' हा शब्दही त्यांच्या बोलण्यातून गेला. कॅन्टीनमध्ये ते समोरच्याच्या डब्यात डोकावायचे थांबले, आणि ज्यांना त्यांच्या शेऱ्यांचा जाच होत असे तेही आपला डबा त्यांच्यासमोर थोडा जास्त वेळ उघडा ठेवू लागले. सर आपल्याच डब्यात बघत जेवत.

शेवटचं मी त्यांना सोमवारी पाहिलं. ग्रंथालयात आले, टेबलावर हात टेकून उभे राहिले. त्यांच्या नावावर तीन पुस्तकं होती, फार दिवसांपासूनची.

"मुदत वाढवून द्या, बाई."

"सर, तिन्ही आता संगणकावर आहेत. तुम्ही वाचताय का ती?"

"वाचायला कोण घेतंय," ते म्हणाले. "नावावर असू देत."

मी वाढवून दिली. ते दाराबाहेर पडले. लिफ्ट खालीच उभी होती, लिफ्टमनने दार उघडलं, त्याला त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि जिना चढू लागले. मधल्या वळणावर थांबले. तिथे सूचनाफलक आहे. त्या दिवशी त्यावर एकही सूचना नव्हती. ते फलकाकडे तोंड करून वाचत असल्यासारखे उभे राहिले, मग कठडा धरून वर गेले.

खोली आवरायला परबांनी मला बोलावलं. प्रशासनाने दोन माणसं देऊ केली होती, ती त्यांनी परत पाठवली. आवराआवरीच्या त्या तज्ज्ञाने काहीएक आवरलेलं नव्हतं. छत्र्या, सुकलेली पेनं, गेल्या कित्येक वर्षांची कॅलेंडरं, एका पायाची सँडल, गुंडाळलेली शाल, आणि निवृत्तीच्या चहाचा तो नारळ, आतून सुकून खुळखुळणारा. अधिकारी दारात येऊन विचारून गेले, किती दिवस लागतील. परब म्हणाल्या, "लागतील तेवढे लागतील." पुरचुंड्या बांधून आम्ही एकेक बाहेर ठेवत होतो. भाच्याला हवं ते भाच्याला, ग्रंथालयाचं मला, बाकीचं रद्दीत.

फ्रीझर शेवटी उघडला. नियमाप्रमाणे कुप्या नष्ट करायच्या होत्या. सगळ्यात खालच्या डब्यात जुन्या कुप्या होत्या, परब इथे यायच्या आधीच्या, सरांनी स्वतःच्या हाताने केलेल्या.

"एखादी लावून बघायची का?" मी विचारलं.

परबांनी डब्याचं झाकण लावलं. "नको. चालू निघाली तर काय करू?"

त्यांनी सगळे डबे ट्रेमध्ये घेतले आणि खाली वाफेच्या यंत्राकडे स्वतः नेले.

खोलीत आता मायक्रोस्कोप आहे. विभाग विकतचं प्रथिन मागवतो, ते दोन दिवसांत येतं. वर्षातून एकदा परब दार लावून घेतात आणि सरांच्या पद्धतीने घरचं करतात. ते पिवळं होतं. कामाला ते कोणाला लागत नाही.